घरी बांधलेले गाणे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना : ऑडिओ आणि मिडी कसे पाठवावे

घरच्या संगणकावर क्यूबेस किंवा एफएल स्टुडिओ अशा संगीत-सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा सांगाडा उभा करायचा, गायन आणि ढोलकी-तबला स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रित करायचे आणि शेवटचे मिक्सिंग प्रो टूल्सवर काम करणाऱ्या इंजिनिअरकडे सोपवायचे, ही पद्धत आता सर्रास झाली आहे. अडचण येते ती एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना. क्यूबेसची प्रोजेक्ट फाइल प्रो टूल्समध्ये उघडत नाही, प्रो टूल्सचे सेशन लॉजिकमध्ये उघडत नाही आणि एफएल स्टुडिओची फाइल एफएल स्टुडिओखेरीज कोठेच चालत नाही. त्यामुळे प्रोजेक्ट जसाच्या तसा उचलून नेण्याचा विचार सोडून द्यावा आणि गाण्याचे सुटे घटक नीट बांधून न्यावेत.

हे घटक तीन आहेत : प्रत्यक्ष ध्वनी, म्हणजे वेव्ह फाइली, वाजवलेल्या स्वरांची नोंद, म्हणजे मिडी, आणि गाणे कोणत्या क्षणी कोणत्या लयीत आहे हे सांगणारा टेम्पोचा आराखडा. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडीमध्ये आवाज मुळीच नसतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. नोटेशनच्या वहीत स्वर आणि मात्रा असतात, गाणाऱ्याचा गळा नसतो. मिडी फाइलचेही तसेच आहे. कोणती पट्टी केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली एवढेच ती सांगते. तो स्वर सतारीचा होता की हार्मोनियमचा, त्यावर कोणता रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, होता, ही माहिती मूळ प्रोजेक्टमध्येच राहते. म्हणून प्रत्येक मिडी ट्रॅकचा आवाजही वेव्ह फाइल म्हणून पाठवावा आणि मिडी त्याच्या सोबतीला द्यावी. समोरच्याकडे तेच वाद्य, तीच ध्वनिनमुन्यांची लायब्ररी असेल या भरवशावर नुसती मिडी पाठवणे हा वेळ वाचवण्याचा मार्ग वाटतो खरा, पण त्यात दोघांचाही दिवस जातो.

आधी प्रोजेक्टची प्रत

काही करण्यापूर्वी प्रोजेक्ट नव्या नावाने साठवावा आणि पुढची सगळी आवराआवर त्या प्रतीवरच करावी. ही केवळ सावधगिरीची सूचना नाही. एफएल स्टुडिओमधून मिडी काढताना «टूल्स» मधील «मॅक्रोज» खाली असलेली «प्रिपेअर फॉर मिडी एक्स्पोर्ट» ही आज्ञा द्यावी लागते आणि ती प्रोजेक्टमधील वाद्यांच्या जागी मिडी आउट (स्वतःचा आवाज नसलेला, फक्त स्वर पुढे पाठवणारा घटक) बसवते. त्यानंतर सवयीने सेव्ह केले तर मूळ वाद्ये आणि त्यांची मांडणी हातची गेली.

प्रतीमध्ये न वापरलेले ट्रॅक काढून टाकावेत, जे म्यूट आहेत ते मुद्दाम म्यूट आहेत की चुकून, हे ठरवावे आणि तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या गायनाच्या सांध्यांवर क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा उगवणे) आहेत की नाहीत ते ऐकून पाहावे, कारण ट्रॅक एकसंध झाल्यावर सांध्यावरची टिचकी कायमची त्यात बसते. पिच सुधारण्याचे प्लगइन गायनावर लावलेले असेल तर तेही याच वेळी पक्के करावे, आणि इंजिनिअरला हवी असेल म्हणून सुधारणा न केलेली मूळ फाइलही वेगळी ठेवावी.

ऑडिओ : सगळ्या फाइलींचा आरंभ एकच

पहिला नियम असा की प्रत्येक फाइल गाण्याच्या एकाच बिंदूपासून सुरू व्हावी, मग ते वाद्य तिसऱ्या कडव्यात एकदाच वाजत असले तरी. बासरीची फाइल तीन मिनिटे शांत असली तरी हरकत नाही. ती नव्या सेशनमध्ये सुरुवातीला टेकवली की आपोआप आपल्या जागी बसते. या एका शिस्तीमुळे टेम्पोची माहिती हरवली, वेगळी पोहोचली किंवा चुकीची वाचली गेली, तरी गाणे विस्कटत नाही.

गाणे पहिल्याच बारवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधील मात्रांच्या पहिल्या खान्यावर, सुरू करण्याची सवय मात्र मोडावी. आपल्याकडे गाण्याची सुरुवात पुष्कळदा तालाबाहेरच्या आलापाने होते, मुखडा समेच्या आधी उचलला जातो, तबलजी उठाण घेऊन समेवर येतो. पहिल्या बारच्या आधी सरकलेला असा ध्वनी एक्स्पोर्ट करताना कापला जातो आणि घाईत ते लक्षातही येत नाही. त्यासाठी संपूर्ण गाणे तिसऱ्या किंवा पाचव्या बारवर सरकवावे आणि एक्स्पोर्ट पहिल्या बारपासून घ्यावे. शेवटीही रिव्हर्ब आणि तानपुऱ्याची आस पूर्ण विरेल एवढी जागा सोडावी.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले तो दर, प्रोजेक्ट ज्या दराने बनला तोच ठेवावा. ४४,१०० हर्ट्झमध्ये केलेले काम पाठवताना ४८,००० करून पाठवण्याने गुणवत्ता वाढत नाही. बदल करायचाच असेल तर तो एकाच ठिकाणी, एकदाच आणि दोघांना माहीत असताना व्हावा. ४४,१०० हर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८,००० च्या दराने वाजली तर चार मिनिटांचे गाणे सुमारे ३ मिनिटे ४० सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड सेमिटोन वर चढतो. अख्खे गाणे असे चढले तर कोणाच्याही लक्षात येते. फसवणूक होते ती एकच फाइल चढलेली असताना. एकदा एका ढोलकीची फाइल अशीच चढून आली होती आणि वादकाने चाट जास्त कसली असावी, असे समजून मी अर्धा तास तिच्याशी झटापट केली होती.

बिट डेप्थ, म्हणजे प्रत्येक नमुन्याची बारकाई, २४ पुरेशी आहे. ट्रॅकवर कोठे पातळी शून्य डेसिबलच्या वर जात असेल तर ३२ बिट फ्लोटमध्ये काढावे, म्हणजे शिखरे कापली जाणार नाहीत. १६ बिटवर उतरण्याचे या टप्प्यावर काहीच कारण नाही. एमपी३ तर रफ मिक्स ऐकवण्यापुरतेच वापरावे. ध्वनीचे नुकसान हा त्यातला एक भाग झाला; दुसरा असा की एमपी३ बनवताना आणि उलगडताना फाइलीच्या सुरुवातीला थोडी शांतता शिरते, ती साधारण २५ मिलिसेकंदांपर्यंत असू शकते, आणि तेवढ्याने तबला आणि क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) एकमेकांपासून सुटलेले स्पष्ट ऐकू येतात.

आता प्लगइनचा प्रश्न. इफेक्टसह पाठवावे की कोरे, यावर इंजिनिअरांची मते वेगवेगळी असतात, पण एक साधी कसोटी लावता येते. जो इफेक्ट वाद्याच्या ओळखीचा भाग आहे, म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प, सिंथच्या आवाजाला आकार देणारा फिल्टर, लयीत फिरणारा डिले, तो ध्वनीतच राहू द्यावा. जो केवळ ऐकायला बरे वाटावे म्हणून लावला होता, म्हणजे गायनावरचा कामचलाऊ कॉम्प्रेसर किंवा सर्वांवर शिंपडलेला रिव्हर्ब, तो काढावा. शंका असेल तेथे दोन्ही द्यावेत आणि नावात तसे लिहावे. सेंडने, म्हणजे ट्रॅकमधून वेगळ्या चॅनलकडे आवाज पाठवून, लावलेल्या रिव्हर्बकडे विशेष लक्ष द्यावे : ट्रॅक वेगवेगळे एक्स्पोर्ट करताना सहसा तो त्यांच्यासोबत येत नाही, म्हणून जपायचा असेल तर त्याच्या ऑक्स किंवा इफेक्ट चॅनलची स्वतंत्र फाइल काढावी लागते. मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवरचा, लिमिटर मात्र बंदच ठेवावा.

नॉर्मलाइझ हा पर्याय दिसेल तेथे बंद करावा. तो चालू राहिला तर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कमाल पातळीला नेली जाते, आणि मंद वाजणारे झांज-टाळ गायकाच्या डोक्यावर बसतात. फेडर (ट्रॅकची पातळी ठरवणारे सरकदांडे) रफ मिक्समध्ये होते तसेच ठेवून फाइली काढाव्यात असे माझे मत आहे. म्हणजे सगळे फेडर शून्यावर ठेवून वाजवताच इंजिनिअरला अरेंजरच्या मनातला तोल ऐकू येतो आणि तेथून पुढे काय बदलायचे ते तो ठरवू शकतो. एका माइकवर घेतलेले गायन, बास, ढोलकीची एकेक बाजू हे मोनोच पाठवावे. त्यांच्या स्टीरिओ फाइली केल्याने आकार दुप्पट होतो, फायदा काही नाही. मोनो ट्रॅकचे पॅन, म्हणजे आवाजाची डावी-उजवी जागा, नव्या ठिकाणी पुन्हा लावावे लागते हे खरे, आणि तेथे पॅन लॉचा थोडा फरकही पडतो : काही सॉफ्टवेअर मधोमध असलेला मोनो आवाज ३ डेसिबलने खाली घेतात, काही मुळीच घेत नाहीत. त्यामुळे तोल किंचित हलल्यासारखा वाटला तर दोष फाइलीत शोधू नये.

मेनू शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून थोडक्यात : लॉजिकमध्ये «फाइल» मधील «एक्स्पोर्ट» खाली «ऑल ट्रॅक्स अ‍ॅज ऑडिओ फाइल्स» आहे, क्यूबेसमध्ये डावा-उजवा लोकेटर लावून «ऑडिओ मिक्सडाउन» उघडावे आणि चॅनल एकेक करून निवडावेत, एबलटन लाइव्हमध्ये «एक्स्पोर्ट ऑडिओ» च्या खिडकीत «ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स» निवडावे, एफएल स्टुडिओमध्ये वेव्ह एक्स्पोर्ट करताना «स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स» वर खूण करावी आणि त्याआधी प्रत्येक वाद्य स्वतंत्र मिक्सर ट्रॅकवर गेले आहे ना, हे पाहावे, रीपरमध्ये ट्रॅक निवडून «रेंडर» मध्ये स्टेम्सचा, म्हणजे सुट्या ट्रॅकचा, पर्याय घ्यावा.

फाइलींची नावे रोमन लिपीत द्यावीत. ‘ढोलकी डावी’ असे देवनागरी नाव वाचायला कितीही सुखद असले, तरी मॅकवर बांधलेली झिप फाइल विंडोजवर सोडल्यावर अशा नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटण्याचा धोका असतो, आणि मग चाळीस फाइली एकेक ऐकून ओळखाव्या लागतात. नावाच्या आधी दोन अंकी क्रमांक, मग वाद्य, मग बाजू किंवा प्रकार एवढे पुरे. टेम्पो, सॅम्पल रेट आणि गाण्याची पट्टी फोल्डरच्या नावात यावी. काळी चार की पांढरी पाच हे साथीच्या वादकाला फाइल न उघडताच कळले पाहिजे.

मिडी : टेम्पो, मींड आणि लपलेल्या गोष्टी

प्रमाण मिडी फाइलीचे दोन प्रकार नेहमी भेटतात. प्रकार ० मध्ये सगळे एकाच ट्रॅकमध्ये कोंबलेले असते, प्रकार १ मध्ये ट्रॅक वेगळे राहतात. आपल्याला प्रकार १ हवा. याच फाइलीत टेम्पो आणि तालाचे मात्रा-विभागही जातात. टेम्पो तेथे दर पाव-स्वराला किती मायक्रोसेकंद या रूपात लिहिलेला असतो, म्हणजे १२० च्या लयीला ५,००,०००. पण मिडी फाइलीत लय पायरीपायरीने बदलते, उतरंडीने नाही. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये विलंबितातून मध्य लयीकडे सावकाश चढणारी रेघ काढली असेल, तर एक्स्पोर्ट करताना तिच्या बारीक पायऱ्या पाडल्या जातात आणि त्या किती बारीक हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. अशा गाण्यात बार आणि ध्वनी यांत थोडे अंतर पडू शकते. तेव्हा ध्वनी खरा मानून बारच्या रेघा त्याला जुळवाव्यात, उलट करू नये.

एक्स्पोर्ट करण्यापूर्वी लपलेले बदल पक्के करावे लागतात. लॉजिकमध्ये रीजनवर (ट्रॅकमधील तुकड्यावर) लावलेले क्वांटाइझ (स्वर मात्रेवर नेमके बसवणे) किंवा ट्रान्स्पोज (स्वर वर-खाली सरकवणे) हे वाजवताना लागू होते, मूळ नोंद जशीच्या तशी राहते. म्हणून «नॉर्मलाइझ रीजन पॅरामीटर्स» ही आज्ञा देऊन ते स्वरांत उतरवावे, आणि मग एकेका ट्रॅकचे सगळे तुकडे जोडून एकच करावेत. क्यूबेसमधल्या मिडी मॉडिफायरचे आणि इन्सर्टचेही असेच आहे. एबलटन लाइव्हमधून मिडी क्लिपागणिक बाहेर पडते आणि सोबत गाण्याचा टेम्पोचा आराखडा येत नाही. म्हणून आधी प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून कन्सॉलिडेट करून एकच लांब क्लिप बनवावी आणि टेम्पो वेगळा लिहून द्यावा. रीपरमध्ये «एक्स्पोर्ट प्रोजेक्ट मिडी» ने सगळे एकत्र निघते आणि टेम्पो फाइलीत घालण्याचा पर्यायही तेथेच असतो.

आपल्या संगीतात सर्वाधिक बिघडते ती मींड. मिडीतला पिच बेंड हा ० ते १६,३८३ मधला नुसता आकडा असतो, मधोमध ८,१९२. हा आकडा कमाल झाला म्हणजे स्वर किती चढला, हे फाइलीत नव्हे तर वाजवणाऱ्या वाद्याच्या सेटिंगमध्ये ठरलेले असते. बहुतेक वाद्यांत ते दोन सेमिटोन असते, पण सतार किंवा सारंगीची लायब्ररी वापरणारे लोक लांब मींड घेता यावी म्हणून ते बारापर्यंत वाढवतात. अशी मिडी दोन सेमिटोनच्या वाद्यावर वाजली की षड्जापासून पंचमापर्यंतची मींड कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या मध्येच कोठेतरी अडखळून थांबते. बेंडची मर्यादा सोबतच्या चिठ्ठीत लिहावी. हार्मोनियम किंवा सिंथला श्रुतींप्रमाणे वेगळे स्वरमेलन लावले असेल तर तेही मिडी फाइलीत जात नाही. तेथे वेव्ह फाइल हाच एक मार्ग.

वादनप्रकार बदलणाऱ्या खुणांचे दोन प्रकार असतात. की-स्विच हे साधे स्वरच असल्याने मिडीत जातात, मात्र दुसऱ्या वाद्यावर ते खर्जातले अनोळखी स्वर म्हणून वाजू लागतात. लॉजिकचे आर्टिक्युलेशन आयडी आणि क्यूबेसचे एक्स्प्रेशन मॅप या त्या त्या सॉफ्टवेअरच्या खासगी नोंदी असल्याने त्या प्रमाण फाइलीत टिकतील असे धरून चालू नये. तालवाद्यांच्या पट्ट्यांचेही एकमत नाही : जनरल मिडीत, म्हणजे वाद्यांच्या क्रमांकांच्या सर्वमान्य आराखड्यात, किक ३६ वर, स्नेअर ३८ वर आणि बंद हायहॅट ४२ वर असते, पण तबला-ढोलकीच्या लायब्ररींत ‘धा’ कोठे आणि ‘तिं’ कोठे हे प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवले आहे. शिवाय मधला सी, म्हणजे ६० क्रमांकाचा स्वर, कोणी सी३ म्हणतो, कोणी सी४, आणि एफएल स्टुडिओत तो सी५ दिसतो. स्वर तोच राहतो, नाव बदलते. फोनवर बोलताना म्हणून नावाऐवजी क्रमांक सांगावा.

एएएफ, ओएमएफ आणि डॉप्रोजेक्ट

कापलेले तुकडे वेगळे ठेवून, त्यांच्या कडा मागेपुढे करण्याची सोय राखून न्यायचे असतील तर एएएफ ही अदलाबदलीची फाइल उपयोगी पडते. लॉजिक, क्यूबेस प्रो, न्यूएन्डो आणि प्रो टूल्स यांना ती लिहिता-वाचता येते. त्यात ध्वनीचे तुकडे, त्यांच्या जागा, फेड आणि आवाजाचे साधे ऑटोमेशन जाते, पण मिडी आणि प्लगइन जात नाहीत. तिची पूर्वज ओएमएफ अजून चित्रपट-मालिकांच्या कामात भेटते, मात्र तिच्या फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे.

अलीकडचा खरोखर आशादायक प्रकार म्हणजे बिटविग आणि प्रीसोनस यांनी २०२३ मध्ये आणलेला डॉप्रोजेक्ट. ही मुळात एक झिप फाइल असते आणि तिच्यात ऑडिओ, मिडी, टेम्पो, ऑटोमेशन आणि प्लगइनची सेटिंगही बसते, अर्थात तेच प्लगइन पलीकडे असेल तर. बिटविग स्टुडिओ, स्टुडिओ वन आणि १४ व्या आवृत्तीपासून क्यूबेस तिला ओळखतात. दोन्ही टोके यांपैकी असतील तर ही फाइल अवश्य द्यावी, पण वेव्ह फाइलींचा फोल्डर तिच्यासोबत तरीही असावा.

पलीकडच्या टोकाला

फाइली मिळाल्यावर कामाचा क्रम चुकवू नये. आधी त्याच सॅम्पल रेटचे रिकामे सेशन उघडावे. मग मिडी आणावी आणि ती आणताना टेम्पोही घ्यायचा का, असे विचारले गेले तर हो म्हणावे. प्रो टूल्सच्या खिडकीत त्यासाठी वेगळी खूण असते, लॉजिक आणि रीपर स्वतःहून विचारतात, तर आधीपासून चालू असलेल्या क्यूबेस प्रोजेक्टमध्ये मिडी आणल्यास टेम्पोकडे दुर्लक्ष होऊ शकते, म्हणून तेथे नव्या प्रोजेक्टमध्येच आणणे सोयीचे. बारच्या रेघा जागेवर आल्यावर मगच ऑडिओ आणावा आणि सेशनच्या फोल्डरमध्ये त्याची प्रत होऊ द्यावी, नाहीतर पेनड्राइव्ह काढताच गाणे मुके होते.

ऑडिओ येताना तो टेम्पोप्रमाणे ताणला जाणार नाही, याची खात्री करावी. एबलटन लाइव्ह लांब फाइलींना स्वतःच वॉर्प लावू शकते. ते पसंतींमध्ये बंद करावे. लॉजिकमध्ये फ्लेक्स, क्यूबेसमध्ये म्युझिकल मोड आणि प्रो टूल्समध्ये इलॅस्टिक ऑडिओ यांची तपासणी करावी. प्रो टूल्समध्ये ऑडिओ ट्रॅक टिक्सवर नव्हे तर सॅम्पल्सवर बांधलेले असावेत, म्हणजे नंतर टेम्पो हलवला तरी गायन जागचे हलत नाही. एखादी फाइल सुरुवातीपासून नसून मधूनच सुरू होत असेल, तर ती ब्रॉडकास्ट वेव्ह असल्यास तिच्यातली वेळेची मोहोर उपयोगी येते; प्रो टूल्सच्या स्पॉट पद्धतीने ती मूळ जागी नेता येते.

शेवटी पाठवणाऱ्यानेच एक चाचणी करावी. काढलेल्या सर्व फाइली एका कोऱ्या सेशनमध्ये आणाव्यात, मूळ पॅन लावावे आणि त्यांच्याबरोबर मास्टरवर काहीही न लावता काढलेला रफ मिक्स ठेवून त्याची पोलॅरिटी, म्हणजे ध्वनिलहरीची दिशा, उलटी करावी. सगळे बरोबर असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि जवळजवळ शांतता ऐकू येते. जे ऐकू येत राहते तेच राहून गेलेले असते : सेंडचा रिव्हर्ब, म्यूट राहिलेले झांज, सरकलेली बासरी. कोरस इफेक्टचा किंवा दर वेळी वेगळा नमुना वाजवणाऱ्या लायब्ररींचा थोडा उरलेला आवाज क्षम्य मानावा. ज्या ट्रॅकचे इफेक्ट मुद्दाम काढले आहेत ते ट्रॅक रफ मिक्समध्येही कोरेच ठेवून ही चाचणी घ्यावी, नाहीतर निष्कर्ष निघत नाही.

४८,००० हर्ट्झ आणि २४ बिटला एक मोनो मिनिट ८.६४ एमबी घेते. पाच मिनिटांच्या गाण्याचे चाळीस मोनो ट्रॅक सुमारे १.७ जीबी होतात. एवढे ओझे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच झाले तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, ऑडिओ म्हणून कधीही नाही. त्या झिपमध्ये वेव्ह फाइली, प्रकार १ ची मिडी, रफ मिक्स आणि टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट, बेंडची मर्यादा लिहिलेली साधी मजकूर-फाइल एवढे असावे. मूळ प्रोजेक्ट आणि त्यातली वाद्ये मिक्स मंजूर होईपर्यंत घरच्या संगणकावर जशीच्या तशी राहू द्यावीत, कारण तिसऱ्या दिवशी रात्री फोन येतो आणि दुसऱ्या कडव्यातली सतार एका सप्तकाने खाली हवी असते.